"तुझ्या बाबांना मी बाबा म्हणू?"

पत्र चार पानांचं आहे आणि खाली सही आहे "थोरली". ते थोडक्यात असं.

थोरली २८ वर्षांची, मूळ सातारा जिल्ह्यातली, नोकरीला पुण्यात. ती ११ वर्षांची असताना आई आजारपणात गेली. १४ महिन्यांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. नवी आई विधवा होती, पहिल्या नवऱ्यापासूनची ४ वर्षांची मुलगी घेऊन आली. घरात छळ झाला नाही, शाळा-कपडे-खाणं कशात फरक झाला नाही, पण थोरलीनं त्या बाईंना आजवर आई म्हटलेलं नाही, मावशी म्हणते. धाकटीवर मात्र तिचा जीव आहे. आता थोरलीचा साखरपुडा झालाय, चार वर्षं ओळखीच्या ऑफिसातल्या मुलाशी. कन्यादानाला आईच्या पाटावर मावशी बसणार हे तिला सोसवत नाही, म्हणून घरी न सांगता नोंदणी विवाह उरकायचं तिच्या मनात आहे. धाकटीला ते कळलं. ती म्हणाली, "माझ्या आईला बाजूला काढून लग्न करणार असशील तर मी येणार नाही." त्यानंतर १९ दिवस दोघी बोललेल्या नाहीत. थोरली विचारते, "मी स्वार्थी आहे का? आणि मी काय करू?"

आधी तू विचारलंस त्याचं सरळ उत्तर देते. कन्यादानाला कोण बसावं हे तू ठरवू शकतेस आणि मावशी नको वाटली म्हणून तू कृतघ्न ठरत नाहीस. काका-काकू बसतात, मामा-मामी बसतात, आपल्याकडे हे चालत आलेलं आहे. पण लग्न गुपचूप करू नकोस. तसंही विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ३० दिवस लागते, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. साताऱ्याच्या माणसाला पुण्यातली बातमी कळायला ३० दिवस पुष्कळ झाले. कायदा आडवा येतो म्हणून मात्र मी नको म्हणत नाही. धाकटीपायी म्हणते आहे, आणि त्याहून जास्त बाबांपायी.

मी समुपदेशनाचं हे काम २२ वर्षं करते आहे, त्यातली सुरुवातीची वर्षं कौटुंबिक न्यायालयात गेली. सावत्र घरं माझ्यासमोर बरीच बसली. चटके देणारी, कोंडून ठेवणारी सावत्र आई त्यांत क्वचितच भेटली. जास्त भेटली ती तुझ्या घरासारखी घरं. सगळं रीतसर, कुणी कुणाला वाईट बोलत नाही आणि सोळा-सोळा वर्षं जेवणाच्या ताटाभोवती एक गाठ तशीच बसलेली असते.

तुझ्या पत्रातला जो प्रसंग तू ओझरता लिहिलास, तिथे मला थांबायचं आहे. लग्नानंतरचा तिसरा दिवस. तू ओट्यावर बसून शाळेच्या बुटाची नाडी बांधत होतीस. ती चार वर्षांची पोर जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना मी बाबा म्हणू?" तू वर न बघता "नको" म्हणालीस. मग वर्षभर ती त्यांना "ताईचे बाबा" म्हणत राहिली. ताईचे बाबा आले. ताईच्या बाबांचा चहा झाला. पुढच्या गणपतीत तिला ताप भरला, रात्री ती ग्लानीत "ताईचे बाबा, पाणी" म्हणाली आणि तू तिच्या कानाशी जाऊन म्हणालीस, "नुसतं बाबा म्हण."

पहिल्या "नको"ची तुला अजून लाज वाटते असं लिहिलं आहेस. मला त्यात लाजेचं काही दिसत नाही. मला दिसतं ते हे, की त्या पोरीनं परवानगी तिच्या आईकडे मागितली नाही, बाबांकडे मागितली नाही, तुझ्याकडे मागितली. चार वर्षांच्या मुलीला कळलं होतं की हे माणूस आधीचं कुणाचं तरी आहे आणि विचारायला हवं. मोठ्यांपैकी एकानंही तुला तसं विचारलेलं नव्हतं. आणि परवानगी दिलीस ती तूच, १३ वर्षांची असताना, कुणी न सांगता. तुमच्या दोघींचं नातं त्या रात्री जुळलं. ते मावशीनं जुळवलं नाही, बाबांनीही नाही. म्हणून ते इतकं घट्ट आहे आणि म्हणूनच आत्ताचा अबोला तुला इतका लागतो आहे.

आता बाबांकडे येते. चार पानांत मावशीचा उल्लेख मी मोजला नाही, पण ती प्रत्येक परिच्छेदात आहे. बाबा फक्त दोनदा येतात. एकदा, लग्नाआधी आजीला सांगताना, "पोरीला आई हवी, म्हणून करतोय." दुसऱ्यांदा, परवा फोनवर, "तुमचं तुम्ही काय ते ठरवा."

पहिलं वाक्य आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक विधुर बोलतो आणि त्याला ते खरंच वाटत असतं. एकट्या पुरुषाला दुसऱ्या लग्नाची इच्छा आहे हे सरळ बोलायची सोय आपण त्याला ठेवलेली नाही, म्हणून तो ते मुलाच्या नावावर करतो. पण १२ वर्षांच्या मुलीनं ते दाराआडून ऐकलं की तिच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होतो. ही बाई माझ्यामुळे आली. मग तक्रार कशी करणार? रडणार कशी? आई जाऊन १४ महिने झालेले, अजून तिच्या साडीचा वास कपाटात आहे, आणि घरात मात्र सगळे म्हणताहेत की पोरीची सोय झाली. तुला आईसाठी रडायला जागा उरली नाही. जे रडणं राहिलं त्याचा राग झाला, आणि राग जवळ जे माणूस होतं त्याच्यावर गेला. ते माणूस मावशी होतं. बाबांवर जाणं शक्यच नव्हतं, कारण आई गेल्यावर तुझ्याकडे तेवढा एकच माणूस उरला होता. त्यांना गमावण्याची जोखीम १२ वर्षांची मुलगी घेत नाही.

ध्रुवाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून सुरुचीमुळे आठवते. तिनं त्याला मांडीवरून उतरवलं. पण मांडी उत्तानपादाची होती, आणि तो तिथेच बसलेला होता. गोष्ट सांगणाऱ्या आज्या त्याच्याबद्दल फार बोलत नाहीत. माझ्या खोलीत जी सावत्र घरं आली, त्यांत मला बहुतेक वेळा पहिला प्रश्न त्या गप्प बसलेल्या माणसाला विचारावा लागला.

बाबा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. तुझे बाबा घाबरट आहेत असं मला वाटतं. दोन्ही बाजूंना दुखावण्याच्या भीतीनं ते सोळा वर्षं मधून बाजूला सरकत राहिले. ते सरकले की तू आणि मावशी समोरासमोर येत गेलात.

एक गोष्ट तू समजून घ्यावीस असं फार वाटतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी सावत्र कुटुंबांवर अनेक दशकं काम केलं आहे. त्यांचं निरीक्षण असं की अशी घरं लवकर बसली तरी चारेक वर्षं जातात, बऱ्याच घरांना सात किंवा त्याहून जास्त लागतात. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की सत्यनारायण झाला, पोरगी मांडीवर बसली, झालं. दुसरं त्या सांगतात ते तुझ्या पत्रातल्या आमटीच्या प्रसंगाला तंतोतंत लागू आहे. मुलाला नवी आई आवडायला लागली की त्याला वाटतं आपण गेलेल्या आईशी बेइमानी करतोय. म्हणजे सावत्र आई जितकी चांगली, तितका हा पेच घट्ट. तू लिहितेस, आई आमटीत गूळ घालायची नाही, मावशी घालते, आणि पहिल्यांदा ती आमटी तुला आवडली. त्या रात्री तू उपाशी झोपलीस आणि पुढे वर्षानुवर्षं "मला गोड आमटी चालत नाही" म्हणत राहिलीस. आवडली म्हणूनच सोडलीस ना? आमटी वाईट असती तर तू मुकाट्यानं खाल्ली असतीस.

आपल्या भाषेनंही यात काही मदत केलेली नाही. सावत्र हा शब्द सापत्न वरून आला, म्हणजे मुळाशी सवत आहे. तुझ्या आईला सवत कधीच नव्हती. ती गेल्यानंतर ही बाई आली. तरी शब्द उच्चारला की दोघी एका घरात एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात, आणि मुलीला वाटतं आपण आईच्या बाजूनं लढलं पाहिजे. मामा आणि आजी (आईची आई) यांनी तुला हेच शिकवलं. त्यांचीही लेक गेली होती, बहीण गेली होती. त्यांच्या दुःखाला मी नावं ठेवणार नाही. पण सुट्टीत तुला जवळ घेऊन "जेवायला घालते का गं नीट?" असं दर वेळी विचारणं, आणि तू हो म्हटल्यावरही मान हलवणं, यानं एका मुलीवर आपल्या शोकाची राखण करायचं काम पडतं.

मामाकडच्या केळवणाबद्दल मात्र मला तुझ्याशी भांडायचं आहे. मामीनं फोनवर "फक्त घरचे" म्हटलं आणि तू एकटी गेलीस. त्या सकाळी तुझ्या निऱ्या कुणी काढल्या? तूच लिहिलंस, धाकटीनं. खाली बसून, तोंडात टाचणी धरून, एकेक निरी बोटांनी दाबून बसवली, पदराला पिन लावली, "ताई, हळू चाल, पैठणी सुळसुळीत आहे" म्हणाली आणि मग दाराशी उभी राहून हात केला. ती त्या घरचीच आहे की नाही हे तुला त्या क्षणी मामीला सांगता आलं असतं. तू सांगितलं नाहीस. मावशीचा हिशेब आहे तो मावशीशी कर, बाबांशी कर. धाकटीकडून तो वसूल होऊ देऊ नकोस. तिनं तुझ्या आईची जागा घेतलेली नाही. तिनं फक्त तुझा शेजार घेतला, तोही विचारून.

आणि तिच्याही वडिलांबद्दल तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलीस. ती दोन वर्षांची असताना ते अपघातात गेले. तुझ्याकडे आईच्या आठवणी आहेत, आवाज आहे, आमटीची चव आहे. तिच्याकडे तिच्या बापाची एकही आठवण नाही. ज्या माणसाला ती बाबा म्हणते, तो तुझा होता आणि तू दिलास. तिच्या मनात हे कायम असणार. तू तिच्या आईला मांडवातून वगळलंस तर तिला काय ऐकू येईल? दिलेलं परत मागितलं जातंय असंच तिला वाटेल.

हे नुसतं मनातलं नाही. तू दागिन्यांचं आणि वाड्याच्या हिश्श्याचं विचारलंस, म्हणून कायद्याचं सांगते, कारण त्यातही हीच गोष्ट निघते.

तुझी आई इच्छापत्र न करता गेली. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५ प्रमाणे तिच्या मालकीच्या वस्तूंचे पहिले वारस म्हणजे तिची मुलं आणि नवरा. तू एकुलती, म्हणून तिच्या पाटल्या, ठुशी, जे काही स्त्रीधन होतं त्यात अर्धा वाटा तुझा, अर्धा बाबांचा. मावशीचा किंवा धाकटीचा त्यात थेट काही हक्क नाही. बाबांच्या मालमत्तेत, त्यांनी इच्छापत्र केलं नाही तर, पहिल्या वर्गाच्या वारस म्हणून तू आणि मावशी सारख्या हिश्श्याच्या, आणि त्यांची आई तेव्हा हयात असेल तर तीही. वडिलोपार्जित वाड्यात तर २००५ च्या दुरुस्तीनंतर तू जन्मानं हिस्सेदार आहेस. मावशीच्या स्वतःच्या मालमत्तेत तू मुलगी म्हणून वारस नाहीस. सावत्र मूल हे त्या बाईचं मूल म्हणून धरता येत नाही, फार तर तिच्या नवऱ्याचा वारस म्हणून नंतरच्या पायरीवर येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये लछमन सिंग खटल्यात सांगितलं आहे.

आता धाकटी. तिच्या मयत वडिलांच्या मिळकतीत तिचा हक्क आहे, आईनं दुसरं लग्न केल्यानं तो जात नाही. तिकडे काही असेल तर बघायला हवं. पण ज्यांना ती पंधरा वर्षं बाबा म्हणते, त्यांच्या मागे तिला कायद्यानं काहीही मिळत नाही. कारण ती त्यांची मुलगीच नाही. आणि त्यांना ती दत्तक घेता आली असती का? १९५६ च्या दत्तक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, हिंदू मुलगी हयात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. म्हणजे तू होतीस म्हणून ती त्या कायद्यानं त्यांची होऊ शकत नव्हती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानंतर सावत्र पालकाला दत्तक घ्यायची वाट मोकळी झाली होती, तुमच्या घरात ती कुणाला माहीत नसावी. आता ती २० वर्षांची आहे, तो रस्ताही संपला. उरतं इच्छापत्र. बाबांनी आपल्या कमाईच्या मालमत्तेपुरतं ते केलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी.

"माझ्या आईचं सगळं त्या दोघींकडे गेलं" असं तू लिहिलंस. कागदावर बघ, त्या घरात सगळ्यांत पक्की तू आहेस आणि सगळ्यांत कच्ची ती.

पाटल्यांबद्दल. मावशीनं त्या तुझ्या आईच्या जुन्या रुमालात बांधून धाकटीच्या हाती पाठवल्या, स्वतः दिल्या नाहीत, हा तुला अपमान वाटला. मला खात्रीनं सांगता येणार नाही, मी त्या बाईंना भेटलेले नाही. पण सोळा वर्षांत घराचं कर्ज झालं, दोन मुलींची शिक्षणं झाली, आणि त्या पाटल्या मोडल्या गेल्या नाहीत. नव्या घडणावळीत घालून धाकटीसाठी बांगड्या झाल्या नाहीत. रुमालसुद्धा तोच ठेवला. ज्या बाईच्या मनात हावरेपणा असतो ती रुमाल सांभाळत नाही. तू तोंडावर नाकारशील या भीतीनं तिनं त्या तुला नाकारता येणार नाही अशा हातानं पाठवल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. तसंच अविधवा नवमीचं. दर पितृपंधरवड्यात ती तुझ्या आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालते, ओटी भरते, याला तू दिखावा म्हणतेस. दिखावा दोन-चार वर्षं टिकतो. सोळा वर्षं पहाटे उठून पुरण वाटणं दिखाव्यासाठी होत नाही. तिला तुझी आई माहीतच नाही, तरी ती तिचं करते.

ठुशीचं तुझं दुखणं वेगळं आहे आणि खरं आहे. बाबांच्या दुसऱ्या लग्नाच्या फोटोत मावशीच्या गळ्यात आईची ठुशी आहे. तेव्हा तू समोर पाटावर बसलेली होतीस. पण ती ठुशी नव्या नवरीच्या हाती दिली कुणी? कपाटाची किल्ली कुणाकडे होती? दिवाणखान्यातला आईचा फोटो लग्नाच्या आधी कुणी उतरवला? तू गृहीत धरलंस मावशीनं. ती तर अजून घरात आलेलीच नव्हती. असे फोटो नवरीनं उंबरठा ओलांडायच्या आत उतरतात आणि ते काम घरातलीच कुणीतरी वडीलधारी बाई "उगाच अपशकुन नको" म्हणून करते, हे मी इतक्या घरांत ऐकलं आहे. तुमच्याकडे कोणी केलं ते बाबांना विचार.

तर बाबांना भेट. तू आणि ते, दोघंच. घरात नको, तिथे मावशी चहा घेऊन येईल आणि ते सुटकेचा श्वास टाकतील. साताऱ्यातच कुठेतरी, अजिंक्यताऱ्याच्या चढावर, संध्याकाळी. चालताना आपल्याकडचे पुरुष बरं बोलतात, समोर बघायचं नसतं. मागणी घेऊन जाऊ नकोस. कन्यादानाचा विषय शेवटपर्यंत काढू नकोस. आईबद्दल विचार. शेवटच्या दिवसांत ती काय म्हणाली. तुम्ही कधी रडलात. फोटो कुणी काढला. आणि एक वाक्य तू बोल, घरी आरशासमोर म्हणून बघ हवं तर, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी लग्न केलं असं म्हणालात, ते मला फार जड झालं. तुम्ही तुमच्यासाठी केलंत असं म्हणालात तर मला बरं वाटेल." ते गडबडतील. चिडतीलही. तू गप्प राहा. तुझ्या बाजूनं सोळा वर्षांचं जे तुंबलंय ते एका चढात निघणार नाही, पण राग योग्य दाराशी जाऊन उभा राहील. मग मावशीला कुठे बसवायचं हे तुला आजच्यापेक्षा हलक्या मनानं ठरवता येईल. कदाचित तरीही नकोच वाटेल. हरकत नाही.

मावशीशी मोठ्या समेटाचा घाट घालू नकोस. तिला आई म्हण असं मी सांगणार नाही, कुणी सांगितलं तरी करू नकोस. मावशी हा शब्द तू हटवादीपणानं धरलास असं तुला वाटतं, पण मावशी म्हणजे आईची बहीण, त्यात मान आहे. तिला फक्त एक सांगायचं, बाबांमार्फत नाही, धाकटीमार्फत नाही, स्वतःच्या तोंडानं. पाटल्या मिळाल्या. तेवढंच. पुढचं वाक्य तिचं तिला बोलू दे.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल तू अपराधी वाटून लिहिलं आहेस की तो चार वर्षं थांबला, आता त्याला अजून ताटकळवणं बरं नाही. पण त्यानं काय म्हटलंय ते तू स्वतःच लिहिलंस, "तू म्हणशील तिथे सही करतो, पण तुझी बहीण साक्षीदार नसेल तर मला ते लग्न अर्धं वाटेल." अगं, हा माणूस तुझ्या घराचं मोजमाप बरोबर घेतो आहे. मागच्या वर्षी धाकटीच्या परीक्षेच्या वेळी तिला रोज पहाटे पाचला फोन करून उठवणारा तोच ना? मग त्याला ताटकळवतेस असं समजू नकोस, त्याला सोबत घे. बाबांना भेटून आलीस की आधी त्याला सांग. या गाठीशी झुंजताना तू आजवर एकटी होतीस, आता नाहीस, ही सवय व्हायला वेळ लागतो. त्याच्या आईला काय सांगायचं याची चिंता करतेस. सांग, कन्यादानाला काका-काकू बसणार आहेत. कारण विचारलं तर म्हण, आईची आठवण येते. यापेक्षा जास्त खुलासा कुणाला द्यायची गरज नाही.

काका-काकू बसले तर मावशीला मांडवात जागाच नाही असं होत नाही. सीमांतपूजनाला विहिणीला सामोरी ती जाऊ शकते, व्याह्यांचं आगतस्वागत, ओट्या, मानपान तिच्या हाती देता येईल. ते घरच्या बाईचं काम आहे आणि ती सोळा वर्षं त्या घरची बाई आहे. तुझ्या आईची जागा गौरीहरापाशी ठेव. तिथे तू एकटीच बसतेस. हिरव्या चुड्यासोबत तिच्या पाटल्या घाल, समोर हवा तर तिचा फोटो ठेव, आणि तिथून मामानं तुला बोहल्यावर न्यायचं. आईच्या माहेरचा हात तुला तिथे मिळतोच. हे सगळं बाबांशी बोलून झाल्यावर ठरव, आधी नको. पत्रिकेत "कै." लावून आईचं नाव बाबांच्या नावाआधी घाल, ज्येष्ठ कन्या म्हण. ज्येष्ठ म्हटलं की कनिष्ठ आहे हे आपोआप छापलं जातं.

मात्र सगळ्यांत आधी, बाबांच्याही आधी, धाकटीला फोन कर. उद्यावर टाकू नकोस. १९ दिवस झालेत. तुमच्या दोघींत इतका अबोला याआधी कधी झाला नव्हता असं तू लिहिलंस. माफीचं भाषण करू नकोस, ती तुला ओळखते. केळवणाचं सांग, मामीला मी बोलायला हवं होतं, नाही बोलले. तिच्या आईबद्दल तुझं मन अजून ठरलेलं नाही हेही खरं ते सांग. ती ओढून-ताणून गोड बोलणं लगेच ओळखेल आणि जास्त दुखावेल. तिनं आईची बाजू घेतली याचा राग धरू नकोस. तू तुझ्या आईची घेतलीस, तिनं तिच्या. एवढी निष्ठा ती तुझ्याकडूनच शिकली असेल.

मग तिला विचार, करवली होशील का? होईलच असं धरू नकोस, विचार. सोळा वर्षांपूर्वी तिनं विचारलं होतं तसं. मंगलाष्टकं चालू असताना करा आणि दिवा घेऊन नवरीच्या मागे बहीण उभी असते. तिथे सख्खी-सावत्र असं भटजी विचारत नाहीत.

ती काय म्हणाली ते मला कळव. नोटिशीच्या अर्जावर सही त्यानंतर.